थोरलीचे परस

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामाजी वारले. त्या दिवशी विहिरीवर मोट जोडायची होती. ती जोडली गेली नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. अमरावतीबाहेर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. पडत्या पाण्यातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दुसरा नव्हता, असं मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. ते असताना मात्र हे मी एकदाही म्हटलं नाही. मी अकोल्याकडचा, सपाटीवर वाढलेला, इंग्रजी शाळेत मास्तर. पाणी घागरीत असतं किंवा पुस्तकात असतं, एवढीच माझी समजूत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मामाजी आमच्या दारात उभे राहिले. ठेंगणी मूर्ती, खांद्यावर दोराचं भलं मोठं वेटोळं, हातात वांग्यांची पिशवी. "चला जवाईबापू, तुमाले थोरलीच्या पायाशी घालून आनतो." थोरली ही त्यांची कोणी वडील बहीण असावी असं समजून मी धुतलेलं धोतर नेसलो आणि नारळ घेतला. थोरली हा चिखलदऱ्याच्या डोंगरातला एक धबधबा आहे, हे मला परतवाड्याला कळलं.

धबधब्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. थोरली, रुसकी, मुकी. रुसकी एखाद्या वर्षी यायचीच नाही. मुकी खडकाला चिकटून इतकी हळू उतरे की जवळ जाऊन कान लावावा लागे. परतवाड्यापर्यंत ते मोटारीत नाइलाजाने बसत, आणि घाट लागला की उतरून चालू लागत. मोटार वरपर्यंत जाते, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मोटारीत ढुंगन चालते अन् पाय बसून राह्यतात," ते म्हणाले आणि पुढे निघाले. त्या दिवशी मला त्यांची पाठच तेवढी दिसत होती. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं आणि माझं तिशीच्या आत.

साहेबलोक, वकील, सुटीवर आलेले अंमलदार वरच्या कठड्यापाशी उभे राहून धबधबा पाहत आणि चहाला परत जात. मामाजी त्या कठड्याकडे ढुंकून पाहत नसत. मानसाची वळख डोक्यावरून होत नाही, खाली बसावं लागते, असं त्यांचं म्हणणं. ते झुडपं धरून, घसरत, दरीत उतरत आणि पाणी जिथे आपटतं तिथे पागोटं काढून उभे राहत. तिथे त्यांचा एक दोस्त भेटायचा, त्या डोंगरातला कोरकू आदिवासी. कपारीत विस्तव करून दोघे वांगी भाजत आणि मिठाशी भाकर खात. आवाजामुळे बोलणं अशक्यच. तरी त्या दोघांचं काय काय बोलून व्हायचं! परतताना मामाजी मला त्याच्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीची सगळी हकीकत सांगत. त्यांच्या गोष्टी फुगवलेल्या असणार असं धरून घरात आम्ही सगळेच त्या निम्म्या करून ऐकत असू.

आता तो दोर. वऱ्हाडात विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. मामाजींची जन्मभराची ही सवय, त्यामुळे धबधबा म्हणजे जमिनीवर निघालेली विहीर असं त्यांनी धरलं होतं आणि त्याचेही ते परस काढत. त्यासाठी त्यांनी मोटेचा नाडा, म्हणजे बैल ज्याने विहिरीतून मोट ओढतात तो दोर, स्वतः अंबाडीचा वळला होता. विहिरीला दहा परस पुरले असते; हा सोळांचा होता. त्याच्या पिळात दर परसाला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची एक तांबडी चिंधी ओवलेली. परस अर्थात त्यांचा स्वतःचा. नजरेने त्यांनी थोरली चौदा परस ठरवली होती, म्हणून चिंध्या चौदा. वरचे दोन परस हातात धरायला.

अडचण एकच होती, आणि ती सुटण्यासारखी नव्हती. नाडा मोकळा असे तो पावसाळ्यात, कारण तेव्हा मोट बंद. पण पावसाळ्यात थोरली अशी कोसळे की नाड्याला बांधलेला दगड ती झोक्यासारखा उडवून लावी. एकदा तर नाडा उंबराच्या फांदीत असा अडकला की तो सोडवायला कोरकू दोस्ताला अर्धा दिवस लागला. थोरलीचं पाणी बारीक होई कार्तिकात, आणि कार्तिकात मोट सुरू, नाडा विहिरीवर. वांगी वाळू देऊन पाण्याची उंची मोजायला जाणं त्यांच्यातल्या माळ्याला पटत नसे. असे किती कार्तिक गेले कोण जाणे. सासूबाई म्हणत, "मळ्यात निंदाले मानूस नाही अन् हे पानी पाहाले चालले! घरी बायको बोलली त ते कटकट. तिथं पानी बोलते त ते गानं."

एका वर्षी वरच्या सरकारी बंगल्यापाशी नवी इंग्रजी पाटी लागली. थोरलीची उंची साठ फूट. मी मामाजींना वाचून दाखवली. त्यांनी फुटाचा हिशेब विचारला, बोटं मोजली आणि म्हणाले, "हे त नऊ परस बी नाही. पाटीवाला खाली उतरलाच नाही. मधात खडक हाये, त्याच्या मांगं थोरली आनखी पडते, ते वरून दिसतच नाही." तिथे एक ओव्हरसियर उभा होता. तो हसला. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, पाटी खरी की म्हातारा खरा?"

मामाजी माझ्याकडे पाहत होते. मी चार वेळा त्यांच्याबरोबर खाली उतरलो होतो. तो खडक मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी मी म्हणालो, "पाटीवर लिहिलंय म्हणजे मोजूनच लिहिलं असेल."

घाट उतरेपर्यंत ते माझ्यापुढे भरभर चालत राहिले. परतवाड्याला मोटारीत बसल्यावर म्हणाले, "पाटी लावाले खिळा लागते, जवाईबापू. मोजाले मानूस लागते." मग त्यांनी पिशवीतून उरलेलं भाजलं वांगं काढून मला अर्धं दिलं. राग तिथे संपला. पुढच्या श्रावणात ते पुन्हा दारात उभे होते. पण थोरलीचे परस त्यांनी माझ्यापुढे त्यानंतर कधी काढले नाहीत.

तेरावा झाला. दिवाळी आम्ही केली नाही. कार्तिकात एकदा मळ्यात गेलो तर मोट चालू होती आणि चाकावरून तांबड्या चिंध्या येत-जात होत्या. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो.  सासूबाईंनी बैल सोडायला सांगितलं, नाडा सोडवून माझ्यापुढे आणून टाकला आणि म्हणाल्या, "घेऊन जा. चार दिस मोट बंद राह्यली त वांगे काही मरत नाहीत." मी काहीतरी बोलू लागलो. "जा म्हनते ना," त्या म्हणाल्या, "त्याईचं एक काम राहून गेलं."

या वेळी घाट मी पायी चढलो. कोरकू दोस्ताला मी मामाजी गेल्याचं सांगितलं. त्याने नाड्यावरून हात फिरवला आणि दरीत उतरला. थोरली बारीक झाली होती. मी कड्यावर पालथा पडून दगड सोडला आणि चिंध्या मोजू लागलो. नववी कड्याखाली गेली. पाटी तिथे संपली. बारावी गेली, तेरावी गेली. चौदावी कड्यावर आली, तेव्हा मी खाली पाहिलं. दगड पाण्याला टेकला की दोस्त फडकं हलवणार होता. फडकं हललं नाही. चौदावी चिंधीही खाली गेली आणि नाडा माझ्या हातातून सरकतच राहिला. मग फडकं हललं. मी नाड्याला खूण केली. वर ओढून पाहिलं तर चौदाव्या चिंधीपासून माझी खूण एका परसावर होती, बोटभरच कमी. ज्यांच्या गोष्टी आम्ही सगळे निम्म्यावर आणून ऐकत होतो, ते मामाजी थोरलीबद्दल एक परस कमीच बोलले होते.

उतरताना बंगल्यावर थांबून मी ओव्हरसियरला हे सांगितलं. तो म्हणाला, लिहून द्या. मी तिथेच बसून लिहून दिलं. मोजणाऱ्याच्या जागी मामाजींचं नाव घातलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली.

बंगल्यापाशी अजून तीच पाटी आहे. नाडा मळ्यात मोटेवर आहे. त्यात पंधरा चिंध्या आहेत. चौदा तांबड्या, आणि एक पांढरी, माझ्या धोतराची.