गायरानावरची काळी माती

गाव सोडलं त्या सकाळी मी टिप्परच्या केबिनमध्ये ठेकेदाराशेजारी ऐटीत बसलो होतो. बाबा, तुम्ही खिडकीशी येऊन विचारलंत, "वरची माती बाजूले ठेवली ना रे?" मी म्हणालो, "हो." गाडी नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला लागली तेव्हा मला फक्त पुणं दिसत होतं.

माती ठेवलेली नव्हती. रस्त्यासाठी गायरानातला मुरूम द्यायचा, पण वरची वीतभर काळी माती ढीग करून ठेवायची आणि काम संपलं की खड्ड्यावर परत पसरायची, असं गावाने ठरवलं होतं. जेसीबीवर आपलाच पोरगा हवा म्हणून तुम्ही अडून बसलात, लक्ष राहील म्हणून. त्या आपल्या पोराने ती माती अमरावतीला ठेकेदाराच्या नव्या बंगल्याच्या बागेत नेऊन ओतली. त्याने मागितलीही नव्हती. मीच पुढे पुढे केलं. त्याच खुशीत त्याने मला पुण्याच्या साइटवर घेतलं.

आता माझा स्वतःचा जेसीबी आहे, फ्लॅट आहे, बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी पाकिटातली माती ऑनलाइन मागवतो. पाकीट फोडताना दर वेळी लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात गावाने खड्ड्याचे काठ उतरते केले, तलावातला गाळ आणून टाकला. मी मोठ्या मनाचा आव आणून मशीन घेऊन आलो. ज्यांच्या शेळ्या त्या गायरानावर जगायच्या, त्या रहीमचाचांनीच मला अडवलं. "मशीन बाजूले लाव. चाकाखाली गाळ दबते, मंग गवत नाई धरत." मग मीही सगळ्यांबरोबर घमेली वाहिली. तळहात सोलून निघाले, बरंच वाटलं.

दुपारी चाचांनी त्यांच्या भाकरीतली अर्धी मला दिली. म्हणाले, "तू गेल्यावर नेली असंन त्या ठेकेदारानं माती. तू रायला असता तं हात नसता लावू देल्ला." ती अर्धी भाकरी मी संपवली. खरं न सांगताच दुसऱ्या दिवशी पुण्याला पळालो.

बाबा, हे पत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचा, चाचा समोर बसलेले असतील तेव्हाच. इथे कुणी गाव विचारलं की मी अजून पटकन आपल्या गावाचं नाव सांगतो. तो हक्क मला उरलाय का, ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा. ये म्हणालात तर उरलेला गाळ पसरायला येईन. नको म्हणालात, तर गवत उगवलं एवढं तरी कळवा.