जनाच्या तीन करवंट्या

आमच्या आळीत श्रावण लागला की बायका घरात करवंट्या ठेवतात. धुऊन कोरडी केलेली नारळाची करवंटी, तिच्यात चिमूटभर मीठ आणि नाचणीच्या ताज्या भाकरीचा तुकडा, आणि खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात एक. तीन-चार दिवसांनी बघायचं. ज्या कोपऱ्यातल्या तुकड्याला आधी बुरा धरेल, तिथे भिंतीत ओल मुरली आहे असं समजायचं. तिथे धान्य ठेवायचं नाही, गोधड्या ठेवायच्या नाहीत, तान्हं मूल तर मुळीच नाही. या करवंट्यांना आळीत ‘द्वारकाबाईंच्या करवंट्या’ म्हणतात. द्वारकाबाई म्हणजे मी, आणि हे साफ खोटं आहे. त्या जनाच्या.

जना ठाकरीण. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला तिची वाडी होती. आठवड्यातून दोनदा ती जळणाची मोळी घेऊन आमच्या कर्जतात यायची. काळी, सडपातळ, चाळिशीची बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बोलायची कमी आणि हुंगायची फार. वाडीवर कोणी नवी कणगी करायची म्हटलं की आधी जनाला बोलावत. ती घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात करवंट्या ठेवायची, तीन दिवस थांबायची आणि मग सांगायची, कणगी इथे ठेवा, तिथे नको. वर्षाचं धान्य त्या एका शब्दावर ठेवलं जायचं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं कधी वाटलंच नाही.

एकदा ती ओसरीखाली मोळी उतरवत होती आणि मी आतून पापडाचा डबा आणून ओटीवर ठेवला. ती म्हणाली, “बाय, डबा उगडा. खालचं पापड गेलं.” उघडला तर खरंच, तळच्या चळतीला हिरवट लव आलेली. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते. जनाचा मात्र मला राग आला. पापड माझे, डबा माझा, आणि हिने अंगणातून वास काढावा! माझं घर आळीत स्वच्छतेसाठी नावाजलेलं होतं, आणि त्या नावाला मी जिवापाड जपत होते. तेवढ्यापायीच पुढचं सगळं घडलं.

सव्वीस सालच्या भाद्रपदात माझी नणंद प्रमोदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर पुण्याचं, नाक वर करून बोलणाऱ्या माणसांचं. बाळंतिणीची खोली म्हणून मागची लहान खोली ठरली. त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर सुपाएवढा काळा डाग होता. दर पावसाळ्यात तो थोडा थोडा पसरायचा. हा डाग मी पाहिला होता. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे सोयीस्करपणे विसरायचा मोह मला पुष्कळदा झालेला आहे. वन्संची सासू बारशाला येणार, ती ही भिंत बघणार, या धास्तीने मी डागावर चुन्याचे दोन हात दिले. तरी काळं वर आलंच. मग मी त्यावर एक मोठी चटई खिळ्यांनी ठोकली. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, “बाळाला भिंतीचा गारवा बाधू नये म्हणून.” आणि बाळंतिणीची बाज नेमकी त्या चटईला लावली.

मुलगा झाला. वन्संचं आणि बाळाचं अंग चोळायला नेहमीची सुईण यायची, ती पाचव्या दिवशी तापाने पडली. पावसात दुसरी कोण मिळणार? जनाने वाडीवर पुष्कळ बाळंतपणं केली होती, तिलाच मी बोलावलं. रिवाजाप्रमाणे खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दार लोटलेलं, शेगडीवर ओवा-शेपाची धुरी, वर दोरीवर दुपटी वाळत घातलेली. जना आत आली, उंबऱ्यातच थबकली आणि म्हणाली, “वयनीबाय, ही भित वासते.”

“धुरीचा वास आहे तो,” मी म्हटलं.

“धुरीचा नाय. भितीचा हाय. बाज हिकडं दाराशी घ्या.”

“दाराशी वारा लागतो. तू तुझं काम कर गं.”

तिने काम केलं. दोन दिवसांनी बाळ दूध पिताना धापा टाकायला लागलं. छातीत बारीक शिटी वाजायची. वन्संचेही डोळे चुरचुरत, घसा खवखवत होता. मी हिंग लावला, दृष्ट काढली, धुरी वाढवली. चटईकडे मी मुद्दाम बघत नव्हते.

आठव्या दिवशी केर काढताना माझा कुंचा बाजेखाली कशाला तरी अडला. ओढून काढलं तर करवंटी. आत चिमूटभर मीठ पाणावलेलं, आणि भाकरीच्या तुकड्यावर बोटभर काळी-हिरवी लव. दुसरी करवंटी खिडकीखाली सापडली, तिसरी दाराआड. बाळंतिणीच्या बाजेखाली मीठ, भाकरी आणि बुरा! मी किंचाळले, “करणी! जनाने करणी केली!”

आळी गोळा व्हायला वेळ लागला नाही. शेजारची जिजाकाकू सर्वांत पुढे. जना मागच्या अंगणात पाणी तापवत होती. ती धावत आली आणि करवंटी बघून उलट तिचा चेहरा खुलला. “बगा, म्हनलं व्हतं ना? दाराआडचा तुकडा चांगला हाय, बाजेखालचाच बिगाडला. भित खराब हाय, वयनी. चटय काडा.”

‘चटई काढा’ हे शब्द मी ऐकले. आळीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. चटई काढली असती तर त्या सगळ्यांनी तो डाग पाहिला असता.

आतून वन्सं क्षीण आवाजात म्हणाल्या, “वहिनी, तिने मला विचारून ठेवल्यात त्या. ती खोली बघतेय.”

“बघा, बाळंतिणीलाही भूल घातली हिने!” मी म्हणाले. माझ्या तोंडचं हे वाक्य. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मला खरोखर करणी वाटली होती का? दहा वर्षं मी स्वतःला हे विचारते आहे. करवंटी हाती लागली त्या क्षणी वाटली असेल. जना बोलली त्यानंतर नाही. त्यानंतर मला सगळं समजलं होतं, आणि समजूनही मी ओरडत राहिले.

कोणी तिच्यावर चपला फेकल्या, कोणी पाणी फेकलं. तिने पडलेली आपली एक करवंटी उचलली आणि निघून गेली.

चार दिवसांनी बाळाची नखं निळसर दिसायला लागली तेव्हा आमच्या घरच्यांनी दवाखान्याच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी आत पाऊल टाकलं, नाकाला रुमाल लावला आणि कोणाला न विचारता चटई ओढली. भिंत पार वरपर्यंत काळी झाली होती. चटईची मागची बाजू मखमल लावल्यासारखी. ते एवढंच म्हणाले, “या खोलीत मी माझी गायसुद्धा बांधणार नाही.” त्याच दुपारी बाळ-बाळंतीण माजघरात आली. खिडक्या उघडल्या. आठ-दहा दिवसांत शिटी थांबली, बाळ पोटभर दूध पिऊ लागलं.

आळीत मात्र वेगळंच ठरलं होतं. करणीवालीला हाकललं म्हणून पोर वाचलं! जिजाकाकूने देवीला नारळ फोडला आणि प्रसाद आणून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. “बाई, तुमची नजर म्हणून,” असं बायका म्हणाल्या, आणि मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

बाजारातली गोष्ट वाडीवर जायला किती वेळ लागतो? ज्यांच्या कणग्या तिने ठेवल्या त्यांनीच विचारायला सुरुवात केली, की करवंट्या ठेवून ही नक्की करते काय? त्या वर्षी वाडीवर दोन बकऱ्या मेल्या, एक मूल दगावलं. दसऱ्याच्या आत जनाला वाडीतून काढलं. हे मला महिन्याभराने जळण आणणाऱ्या दुसऱ्या बाईकडून कळलं. मी तिला म्हटलं, “अरेरे.” आणि मोळी कुठे टाकायची ते दाखवलं.

तीन वर्षांनी पुण्याला जाताना आमची आगगाडी घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनात थांबली. रुळांच्या कडेला बायका खडीच्या पाट्या वाहत होत्या. त्यांत जना होती. मी तोंड फिरवणार होते, पण तिने मला ओळखलं होतं. पाटी खाली ठेवून ती खिडकीशी आली. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. द्याव्यात असंही वाटलं.

तिने विचारलं, “लेकरू बरं हाय ना?”

“बरं आहे. शशिकांत नाव ठेवलं. पळतो, खेळतो.”

“आन भित बगितली का?”

“बघितली, जना. तुझं खरं होतं. माझं चुकलं गं.”

“मंग वयनी, येक डाव वाडीवर या आन तितं सांगा. मला हितं सांगून काय उपेग?” ती पदराने तोंड पुसत म्हणाली. “गोमा पाटलाला सांगा, म्हंजी मी घरला जाईन.”

“येईन. दिवाळी झाली की येते.”

गाडी हलली. ती हात वर करून हसली. माझ्यावर विश्वास ठेवला होता तिने.

त्या दिवाळीला पाहुणे होते. पुढच्या दिवाळीला माझा पाय मुरगळला होता. मग यांची प्रकृती, मग पाऊस, मग लग्नसराई. कर्जतहून कोंडाणं काही काशी नाही. सकाळी निघालेली बाई दुपारी जेवायला परत येते. खरं कारण एकच होतं. वाडीवर बोललेलं बाजारात येणार आणि बाजारातलं जिजाकाकूच्या ओटीवर. दरम्यान मी घरात गुपचूप करवंट्या ठेवू लागले होते, भिंतीची भीतीच बसली होती ना. जिजाकाकूने पाहिलं, विचारलं. मी म्हटलं, “ओल कळते याने.” कोणी शिकवलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. करवंट्यांना माझं नाव पडलं ते असं.

गेल्या वर्षी, पस्तीस सालच्या माघात, मी एकदाची वाडीवर गेले. गोमा पाटील अंगणात सुतळी वळत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चुना, चटई, डाग, डॉक्टर. तो ऐकत राहिला.

मग म्हणाला, “बाई, तवा तुमी म्हनलं करनी, तर आमी खरं मानलं. आज म्हनताव करनी नव्हती, तर ते बी खरं मानताव. पन जना गेली. दोन पावसाळं झालं. घाटातच ताप आला तिला.”

मी तिचं घर विचारलं. त्याने बोट दाखवलं. नुसता चौथरा उरला होता, त्यावर रान माजलेलं.

मी निघाले तेव्हा त्याने मागून विचारलं, “खाली गावात सांगितलं का हे?”

मी पदर सावरून पायवाटेला लागले. तो पुन्हा सुतळी वळायला लागला.

परवा श्रावणाचा पहिला दिवस. जिजाकाकू नाचणीच्या भाकरीचे तुकडे घेऊनच आली. “द्वारकाबाई, तुमच्या करवंट्या आजच ठेवू ना?”

मी म्हटलं, “काकू, त्या माझ्या नाहीत. जनाच्या आहेत.”

“कोण जना?” तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम आठवून म्हणाली, “हां हां, ती करणीवाली?”

नाव आळी विसरली होती. मी दिलेलं तेवढं लक्षात होतं.

मी पाट मांडला, तिला बसवलं, शेजारच्या आणखी दोघींना हाक मारली. त्या येईपर्यंत दार उघडंच ठेवलं. मग मागच्या खोलीत नेऊन त्यांना ती भिंत दाखवली आणि चटईपासून सांगायला सुरुवात केली.