एक्केचाळीस, बराबर

सहलीची हौस मला कधीच नव्हती. लहानपणी वडील आम्हाला हिंगोलीहून औंढ्याला न्यायचे, तेही गर्दीचे दिवस टाळून, आणि तेवढ्यात आई सात वेळा आमचे हात चाचपून बघायची. ती काळजी माझ्यात उतरली असणार. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नुकतीच रुजू झाले होते. आमच्या हेडमास्तरांना सगळा गाव गुरुजी म्हणायचा. त्यांनी एका सकाळी जाहीर केलं, "यंदा माहूर अन् सहस्रकुंड. एका दिवसात." एका दिवसात! नकाशावर बोट फिरवायला काय जातंय?

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट आहे. गावात फोन एक, तोही ग्रामपंचायतीत, आणि त्याला कुलूप. मोबाईल आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. वाटेत काही झालं तर कळवायचं कुणाला आणि कसं, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. "तुमी लई विचार करता बाई," म्हणाले.

पोरं लगेच तयार झाली. पोरींसाठी मला घरोघर फिरावं लागलं. एका घरी तीन चकरा झाल्या. पोरगी पाचवीतली, शेवटच्या बाकावरची, तोंडातून शब्द न काढणारी. तिची आई दारातच उभी राहायची आणि म्हणायची, "पाण्याचं ठिकाण हाय बाई. न्हाई धाडत." तिसऱ्या खेपेला मी चिडलेच. "अहो, माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?" ती उंबऱ्याबाहेर आली. "हाय की. तुमच्याच भरवशावर धाडते. जशी नेताल तशी आणून द्या." "देते," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

दुसऱ्या एका पोरीची आई मात्र नुसत्या शब्दावर राजी होईना. मेंढरं राखणारं घर. ती म्हणाली, "पोरीसंगं मी बी येते." मला ते आवडलं नाही. गाडीत अजून एक माणूस म्हणजे अजून एक काळजी. पण गुरुजी म्हणाले, पोरी आहेत, बाईमाणूस असलेलं बरं. चाळिशीची असेल ती. पोरं तिला मावशी म्हणायला लागली, मग मीही.

गाडी एसटीचीच, लाल. अंधारातच निघालो. मी पुढून मागं आणि मागून पुढं, दोनदा पोरं मोजली. एक्केचाळीस. मावशीच्या डोक्यावर बोट आलं तशी तिनं मान बाजूला घेतली.

"लेकरं मोजू नका बाई. नजर लागती."

"मावशी, मोजलं नाही तर कळणार कसं?"

"आमी न्हाई मोजत मेंढरं. मोजली की कमी व्हत्यात."

मला हसू आलं. "मग शंभर मेंढरं सगळी वाड्यात परत आली, हे कसं कळतं तुम्हाला?"

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू वेडीबागडी मीच. "काहून? तोंडं न्हाईत का त्यांला?"

मागची पोरं खिदळली. मी पुन्हा मोजली. एक्केचाळीस.

माहूरलाच दुपार झाली. किल्ल्याच्या पडक्या बुरुजांवर पोरं माकडासारखी चढायची आणि मी खालून ओरडायची. तिथं एक वाटाड्या भेटला, हातात काठी, डोक्याला रुमाल. तो अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा आणि प्रत्येक दगडाला एक गोष्ट चिकटवायचा. इथं दारूगोळा होता, इथून शत्रूला ढकलून द्यायचे, इथं एक राणी अजून फिरते. राणी ऐकताच आमच्या चार पोरी माझ्या पदराला लटकल्या. पांडवलेणीत तर उजेडच नव्हता. अर्धवट कोरलेले खांब, वटवाघळांचा वास आणि वाटाड्याची मिणमिणती बॅटरी. मी दारात उभी राहिले आणि बाहेर येणाऱ्या एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. घसा बसला होता, डोकं ठणकत होतं, पण एक्केचाळीस भरले. वाटाड्या म्हणाला, "मॅडम, आप थोडा गड भी देख लेते." खरं सांगते, त्या दिवशी मी माहूर बघितलंच नाही. मी डोकी बघितली.

सहस्रकुंडाला पोचायला ऊन कलायला आलं. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळत होती. त्या काळी तिथं ना कठडा, ना दोरी. कातळ शेवाळानं असा गुळगुळीत, की गुरुजी स्वतः एकदा घसरले आणि उठून कुणी बघितलं का ते बघायला लागले. मी पोरांना रांगेत बसवलं. "जागचं हललात तर पाय तोडीन." मावशी पाण्याकडं पाठ करून पोरांकडं तोंड करून बसली होती. तिनं धबधबा बघितलाच नाही. पुढं कितीदा तरी मला ते आठवलं.

तिथं अजून एका शाळेची सहल आली होती. त्यांचीही लाल एसटी, आमच्याच गाडीशेजारी उभी. गणवेशही तोच, पांढरा शर्ट, निळा स्कर्ट. जिल्हा परिषदेचं कापड सगळीकडं सारखं. आम्ही पाण्याकडं असताना आमच्या ड्रायव्हरनं गाडी वळवून ठेवली, तशी तिची जागा बदलली. हॉर्न वाजला आणि नुसता गोंधळ उडाला. आमची पोरं त्यांच्या गाडीत, त्यांची आमच्या गाडीत. आपली पिशवी दिसेना म्हणून बहुतेक जण ओरडत, हसत परत उतरले. ड्रायव्हर घाई करत होता, पुढचा रस्ता खराब होता. मी मोजलं. एक्केचाळीस. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. "बराबर!" मी ओरडले आणि गाडी हिमायतनगरच्या रस्त्याला लागली. दुसरी गाडी किनवटकडं गेली.

मी सीटवर अंग टाकलं. पाण्याचा धोका टळला होता. दिवसभरात पहिल्यांदा मी डोळे मिटले.

"बाई, गाडी थांबवा."

मावशी उभी होती. एका हातानं दांडी धरलेली.

"काय झालं?"

"आपलं एक लेकरू न्हाई."

"मावशी, दोनदा मोजलंय मी. बसा खाली."

"मोजलं असंल. एक न्हाई."

आता लिहायला लाज वाटते, पण मी तिच्यावर खेकसले. सगळ्या पोरांदेखत. म्हणाले, तुमच्या मेंढरांचं इथं लावू नका, बसा गुमान. ती बसली. गाडी धावत राहिली. दहा मिनिटं असतील, पंधराही असतील. ती बसल्या जागी मान वळवून वळवून बघत होती, एकेका सीटवर, सावकाश. मग ती उठली, मागं गेली आणि खिडकीपाशी पिशवीत तोंड खुपसून बसलेल्या एका पोरीला हाताला धरून माझ्यापुढं आणलं.

"हे कोणाचं हाय?"

मी त्या पोरीकडं बघितलं. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, रडून लाल झालेलं नाक. मी तिला जन्मात बघितलं नव्हतं.

"थांबवा गाडी!" मी ओरडले.

गुरुजी पुढून धावत आले. "मग आपलं कोण राहिलं?"

मी गाडीभर नजर फिरवली. एकदा, दोनदा. सगळी तोंडं माझ्याकडं वळलेली. सहा महिने मी रोज त्यांची हजेरी घेत होते, आणि मला सांगता येईना. कोण नाही तेच मला कळत नव्हतं.

"ती," मावशी म्हणाली. "मागच्या बाकावरची. सकाळधरनं ज्यानं त्यानं सरकवलं तशी सरकून बसणारी. लेकरू बोलत न्हाई ती."

जशी नेताल तशी आणून द्या. देते.

गाडी वळवली. त्या रस्त्यानं परत जाताना मी काय काय बघितलं ते सांगत नाही. डोळे उघडे ठेवले तरी काळा कातळच दिसत होता आणि मिटले तरी तोच. ती आमच्याबरोबर पाण्यावरून उठली होती का? शेवटची कुणी बघितली होती? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाली, ती हात धुवायला गेली होती. हात धुवायला! तिथं हात धुवायचे म्हणजे कुठं? देवा, मला घे, पण तिला ठेव, असं मी मनात म्हणत होते, आणि कुठल्या देवाला ते मलाच माहीत नव्हतं.

धबधब्यापाशी आता कुणी नव्हतं. चहाच्या टपरीवाला सामान आवरत होता. त्यानं कुणाला बघितलं नव्हतं. गुरुजींनी चप्पल काढली, धोतर खोचलं आणि कातळावरून खाली उतरायला लागले. टपरीवालाही त्यांच्या मागं गेला. मी पोरीच्या नावानं हाका मारत होते, पण त्या आवाजापुढं माझी हाक दोन हातांवर जात नव्हती.

मावशीनं माझं मनगट धरलं. "बाई, हिकडं बघा. हे लेकरू आपल्यात आलं, म्हणजी आपलं त्यांच्यात गेलं. दोन कळप एका पाण्यावर आले की असंच व्हतंय. गुरुजींला पाणी बघू द्या. आपुन त्यांची गाडी गाठू."

"आणि नसली तर?"

"तर न्हाई. पर आदी तिकडं."

त्या परक्या पोरीनं रडत रडत गावाचं नाव सांगितलं. किनवटकडचंच होतं. गुरुजींना नदीवर सोडून आम्ही निघालो. ड्रायव्हरनं सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं, पण तेव्हा त्यानं गाडी सुसाट हाकली. मी दारात उभी होते. पोरं एकदम गप्प. चाळीस पोरं गप्प बसली की किती भीती वाटते, ते मला त्या दिवशी कळलं.

रेल्वेचं फाटक केव्हाचं बंद होतं. फाटकाअलीकडं लाल एसटी उभी होती.

मी आमची गाडी थांबायच्या आधीच उडी मारली. गुडघा फुटला, ते घरी गेल्यावर कळलं. त्यांच्या गाडीत चढले. त्यांचे सर दचकून उभे राहिले. "काय झालं मॅडम? आमची पोरं बराबर आहेत, मी मोजली." मी त्यांना बाजूला सारलं. तिसऱ्या सीटवर, तिघींच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती. मी एकदम तिला उचललं. पाचवीतली घोडी, पण मला जड लागली नाही. मी तिच्या केसात तोंड घालून रडले, त्या परक्या सरांसमोर, त्या सगळ्या पोरांसमोर. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तिच्या आईनं सकाळी घातलेलं तेल.

त्यांची पोरगी त्यांना दिली. सर पांढरे पडले होते. दोघांचाही गुन्हा एकच होता.

गुरुजींना आणायला परत गेलो. ते कमरेपर्यंत भिजून, हातात कुणाची तरी काठी घेऊन कातळावर उभे होते. मी खिडकीतून पोरीला उचलून दाखवलं. ते मटकन खालीच बसले. थोड्या वेळानं गाडीत येऊन म्हणाले, "बाई, एकदा मोजून घ्या."

मी उठले. पहिल्या सीटपासून सुरुवात केली. आकडा तोंडात आलाच नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत, नाव घेत मागं गेले. एका पोराच्या भुवईवर खोक होती, ती मी कधी बघितली नव्हती. एका पोरीचे पुढचे दोन दात अजून यायचे होते. मावशीपाशी आले, तेव्हा मला तिची माफी मागायची होती. तिनंच हात हलवला, "बसा बाई, दमल्या तुमी."

मी त्या पोरीशेजारी बसले. मग विचारलं, "तू बोलली का नाहीस गं? गाडी आपली नाही, कळलं नव्हतं का तुला?"

"कळलं व्हतं."

"मग? त्या सरांना सांगायचं ना."

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. सहा महिन्यांत मी तिच्याकडून एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं.

"सांगणार व्हते. पर सरनी मोजलं अन् बराबर हाय म्हणले. मंग मला वाटलं, तुमचं बी बराबर असंल."

मी तिचा हात धरला. तो मी तिच्या आईच्या दारापर्यंत सोडला नाही.