अण्णांच्या आंघोळीचं पाणी

अक्का गेली त्याला दोन महिने झाले. भेटायला येणाऱ्या बायका सांगतात, "तुमच्या अक्कामुळं आम्हाला मैदान मिळालं." मी मान हलवते. शाळेतल्या मुलींचा पहिला खो-खोचा सामना आमच्या वडिलांच्या आंघोळीच्या पाण्यावर झाला, हे त्यांना कसं सांगावं ते कळत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते, औरंगाबाद वाढत होतं आणि नळ नुसती हवा सोडत होता. घरोघर माणसं बाजेवर बसून आंघोळ करायची. बाजेखाली परात असायची आणि तिच्यात साचलेल्या पाण्यात धुणं व्हायचं.

पैठणच्या मुली एसटीनं खेळायला येणार होत्या. तीन दिवस आधी पीटीच्या सरांनी अक्काला बोलावलं. ती सतरा वर्षांची, संघाची कर्णधार.

"मुलांच्या सामन्यात टँकर संपला," सर म्हणाले. "असल्या दगडासारख्या मैदानावर पोरी नाय खेळवायच्या. गुडघे फुटले तर उद्या बघायला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं?"

"पाहुणे गुडघे बघत्यात व्हय, सर?"

"पाणी मारलं तर सामना. नाय तर नाय."

सामना रद्द होणं अक्काला परवडणारं नव्हतं. अण्णा कोर्टात कारकून होते. त्यांनी बजावलं होतं, "एवढा सामना होऊ दे. नाहीच झाला, तर हे हुंदडणं बंद. शिवणाच्या मशीनवर बसायचं."

अक्कानं सगळ्या मुलींना निरोप धाडला: दोन दिवस धुणं नको, परातीतलं पाणी राखा. आमच्याकडं ती स्वतः तांब्या घेऊन अण्णांच्या मागं उभी राहिली.

"अण्णा, पाठ राहिली. घ्या अजून एक तांब्या."

"आज लई माया उतू चाललीय गं?"

मी पुस्तकात तोंड खुपसून हसू दाबलं.

सामन्याच्या सकाळी मुलींनी डोक्यावर घागरी आणून मैदान भिजवलं. धूळ बसली. सर चुना घेऊन रेषा आखायला लागले. रेषेबाहेर उभी असलेली वडीलमंडळी मात्र नाकं वर करून वास घेऊ लागले. "ओळखीचा वास येतोय हो," एकजण म्हणाला. अण्णांनी टोपी सारखी केली. आपला साबण त्यांनी ओळखला होता.

चूक एकच झाली. आमच्या घरच्या घागरी आम्ही खांबापाशीच रित्या केल्या होत्या. अण्णा साबण सढळ हातानं लावायचे. शेवटच्या डावात पैठणच्या मुलीला गाठायला अक्का खांबाला वळसा घालू गेली आणि सटकन घसरली. गुडघा फुटला.

"बघा, अण्णा," सर म्हणाले. "सांगत होतो की नाय?"

सगळे अण्णांकडं वळले. माझ्या डोळ्यांपुढं ते शिवणाचं मशीन आलं.

अण्णा रेषेपर्यंत पुढं गेले आणि ओरडले, "उठ की गं! बसलीस काय? वेळ चाललाय तिथं!"

अक्का उठली. एका गुणानं आम्ही हरलो.

घरी जाताना अण्णांनी तिला सायकलवर मागं बसवलं आणि हातानं ढकलत, खांबाला वळसा कसा घालायचा ते समजावत राहिले. एसटी सुटत असली तरी हा माणूस कधी पळला नव्हता. अक्का लंगडा पाय सांभाळत "व्हय अण्णा, व्हय अण्णा" म्हणत होती. घराच्या वळणावर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही पैठणला कधी जाणार?"