बोअरखाली गेलेलं लढाईचं नाणं

मला नाणी जमवायचा नाद आहे, आणि त्याचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही.

निरवांगीचे आबा, म्हणजे माझे सासरे, पासष्टच्या लढाईत होते. त्या लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा सरकारनं पाच रुपयांचं खास नाणं काढलं होतं. आबांनी माझ्याकडं आयुष्यात एकच गोष्ट मागितली.

"जावईबापू, एवढी नाणी गोळा करताय, आमच्या लढाईचं एक बघा की. पदकाशेजारी ठेवीन म्हनतो."

हा जावई कशाच्याच कामाचा नाही, हे त्यांचं मत मला ठाऊक होतं. त्यामुळं नाणं आणायचंच! दोन वर्षं शोधलं. शेवटी एमआयडीसीत माझ्याबरोबर कामाला असलेल्या एका गृहस्थानं माझी सात नाणी आणि अर्धा किलो घरचं तूप घेऊन ते दिलं. (तूप परत घेण्याची सोय नव्हती.)

आबा नाणं न्यायला आमच्या गावी पिंपळीला येणार, त्याच सकाळी आमच्या रानात बोअरची गाडी आली. जागेवर हळद-कुंकू, सुपारी, नारळ मांडून झालं आणि माझी बायको सुनंदा म्हणाली, "अवो, पूजेला नाणं?"

आठ माणसांनी खिसे चाचपले. एकाकडंही नाणं नाही! (हल्ली आमच्याकडं चहाचे पैसेसुद्धा मोबाइलवरनं जातात.) मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आनि घरात नाण्याचं एवढं मोठं शौकीन!" सुनंदा म्हणाली.

आता अब्रूचा प्रश्न आला. मी ऐटीत खिशातनं आबांचं नाणं काढून जागेवर ठेवलं. नारळ फुटला की हळूच उचलायचं, असा बेत होता. नारळ फुटला. मी वाकलो. सुनंदानं मागनं सदरा धरला.

"देवाला वाहिलेलं परत घेताय व्हय?"

"अगं, ते आबांचं हाय!"

"मग ठेवलं कशाला?"

आमचं हे चाललेलं असतानाच बोअरवाल्यानं मशीन चालू केलं. धुरळ्याच्या लोटात नाणं, सुपारी आणि माझी अब्रू एकदमच दिसेनाशी झाली. मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो. लोकांना वाटलं, मी पाण्यासाठी देवाला साकडं घालतोय. दोघातिघांनी भक्तिभावानं हात जोडले!

तेवढ्यात आबा आले. खास नाण्यासाठी नवा फेटा बांधून आले होते. तो फेटा बघून मला खरंच रडू फुटलं.

"कुठंय नाणं?"

मी भोकाकडं बोट दाखवलं.

 आबांनी मशीन थांबवायला लावलं, धोतर खोचलं आणि वर आलेल्या मातीच्या ढिगात हात घातला. मीही घातला. अर्ध्या तासानं नाणं सापडलं. एक कड उडालेली, मधोमध खोल ओरखडा.

"आबा, दुसरं आनून देतो."

"कशाला? लढाईचं नाणं हाय. जखमी झालं तर बिघडलं कुठं?" त्यांनी ते फेट्याच्या शेमल्यानं पुसलं आणि खिशात टाकलं.

नाणं जमिनीत हातभरसुद्धा गेलं नव्हतं. पण मशीन परत चालू झालं, दुपारी तीनशे फुटांवर बोअरला पाणी लागलं आणि आबांना विषय मिळाला. आता निरवांगीत कुणीही घरी आलं, की आबा पदकाशेजारचं नाणं हातात देतात.

"तीनशे फूट खाली गेलं. दगडाला भिडलं. पानी घिऊनच वर आलं!"

"आनि जावईबापू कुठं हुतं?" पाहुणा विचारतो.

"ते काठावर रडत हुतं."