काकूंची पाच बटणं
ड्रॉवर आवरताना लाकडी मुठीचा तारेचा आकडा हाती लागला आणि एडिसन शहरातला तो हिवाळा आठवला. एका हाताने बटणं लावायचं हे साधन. रोजची कामं पुन्हा स्वतः करायला रुग्णांना शिकवायचं, त्या ऑक्युपेशनल थेरपीत मी डॉक्टरेट करत होते, रिहॅब सेंटरमध्ये प्रत्यक्ष कामाचं शेवटचं प्लेसमेंट चालू होतं. स्ट्रोकने उजवा हात गेलेल्या एका काकूंना मी तीन आठवडे स्वेटरची बटणं लावायला शिकवत होते, आणि रोज आकडा त्यांच्या हातून निसटायचा. मग काका पेपर बाजूला ठेवून, चष्मा सावरत, एकेक बटण लावून द्यायचे. एके दिवशी काका बाहेर कॉफी आणायला गेले आणि काकूंनी डाव्या हाताने पाचही बटणं झरझर लावली, तितक्याच झरझर काढली. “अहो काकू, येतंय की तुम्हाला!” “हळू बोल गं. चाळीस वर्षांत ह्यांनी मला साधा चहा करून दिला नाही. रिपोर्टमध्ये नको लिहूस.” माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन होते: ‘स्वतः करते’ आणि ‘मदत लागते’. माझी प्रगतीही त्यावरच ठरणार होती. तेवढ्यात काका आले, कॉफी ठेवून बटणं लावायला काकूंसमोर वाकले, आणि बाहेरच्या थंडीने गारठलेल्या काकांच्या बोटांवर काकूंनी हळूच ऊबदार फुंकर घातली. मी ‘मदत लागते’वर खूण केली. एवढी वर्षं मी लोकांना आपलं आपण करायला शिकवतेय, पण तेव्हा मी खोटं लिहिलं का, हे मला अजून सांगता येत नाही.