मुलगा येऊन गेल्याचं रक्तात दिसलं

बायांनो, आज तुकोगंजला डॉक्टरीणबाईंकडे रक्ताचा रिपोर्ट दाखवायला गेले होते. थकवा जात नव्हता, म्हणून त्यांनी फोलेट नावाचं काहीतरी तपासायला लावलं होतं. ते हिरव्या भाजीतून, डाळीतून मिळतं म्हणे.

रिपोर्ट बघून बाई विचारतात, "आजी, दारू घेता का? त्यानंही हे कमी होतं."

म्हटलं, "सोबत बसणारं कोणी असलं तर घेईन."

हसल्या. मग विचारलं, "मागच्या आठवड्यात घरी कोणी आलं होतं?"

"मुलगा. परवाच गेला पुण्याला."

"तरीच. रक्ताच्या पाण्यातलं फोलेट ठीक आहे, ते चार दिवसांचं खाणं सांगतं. लाल पेशींतलं कमी आहे. ते मागच्या दोन-तीन महिन्यांचं."

घ्या. मुलगा होता तोवर रोज मेथी, वरण, सगळं केलं. त्याच्या आधी नुसता चहा-टोस्ट आणि सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे. एकटीसाठी कोण भाजी निवडत बसतं? फोनवर मात्र रोज सांगायचे, सब बढ़िया, पोटभर जेवले.

संध्याकाळी त्याचा फोन आला, "आई, रिपोर्ट?"

म्हटलं, "ठीक आहे म्हणाल्या." अर्धं खरंच होतं.

गोळ्या दिल्या आहेत. येताना मेथीची जुडी आणली, ती समोर पडली आहे. एकटीला फार होते.

तुमच्यात एकट्या राहणाऱ्या असतील त्यांनी खरं सांगा, आज काय शिजवलंत? आणि जवळ राहत असाल तर या, निवडायला बसू.